सरासरी वजनाने हिशेब जुळत नाही

ऑनलाइन दुकान थाटणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘शिपिंगचा दर ठरवायला प्रत्येक वस्तूचं वजन करत बसू नका, दुकानात सगळ्यांना सरासरी वजन टाका. एका पार्सलमागे गेलं तर दुसऱ्यामागे येतं. फारच काटेकोर असाल तर पाकिटावर छापलेलं वजन उतरवा. हलक्या वस्तूंची तर काळजीच नको. वजनाचं एककही, ग्रॅम की किलो, नंतर बदलता येतं.’

आधी सरासरीचं बघू. एक वस्तू २०० ग्रॅमची, दुसरी १,८०० ग्रॅमची. दोन्हींना १ किलो टाकलं. हलकी वस्तू घेणाऱ्याला चेकआउटला पाचपट वजनाचं शिपिंग दिसतं. नाकापेक्षा मोती जड! तो कार्ट तिथेच सोडतो. जड वस्तूवाल्याला मात्र दर स्वस्त वाटतो, तो खुशीने ऑर्डर देतो. म्हणजे ज्याच्याकडून चार पैसे जास्त यायचे तो गेला आणि ज्याच्यासाठी पदरमोड करायची तोच उरला. सरासरी जुळायला दोघंही टिकावे लागतात. सगळा माल जवळपास एकाच वजनाचा असेल तर सल्ला चालेल, पण तेव्हा ती सरासरी कसली?

छापलेलं वजन हे सहसा आतल्या मालाचं निव्वळ वजन असतं. बाटली, खोका, बबल रॅप, चिकटपट्टी त्यात नाही. कुरियरवाला बंद पार्सल काट्यावर ठेवतो, आणि अनेकांचे दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतात. माल ४६० ग्रॅम, वर ७० ग्रॅमचा खोका: झाले ५३० ग्रॅम, आकारणी एक किलोची. म्हणून खोक्याचं वजन प्रत्येक वस्तूत मिळवायचं का? तसंही नको. तीन वस्तू एकाच खोक्यातून गेल्या तर गिऱ्हाइकाच्या माथी तीन खोक्यांचं भाडं बसेल. जिला स्वतंत्र खोका लागतोच, तिच्याच वजनात तो धरा. बाकीच्यांसाठी ऑर्डरमागे एकदाच.

हलक्या वस्तूंबद्दल निर्धास्त असणाऱ्याने एकदा उशी पाठवून बघावी. कुरियरवाले वजनाबरोबर जागाही मोजतात: खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, ते झाले किलो. हा भाजक आंतरराष्ट्रीय कुरियरमध्ये सर्रास दिसतो, काही ठिकाणी ६,००० असतो. आलेला आकडा आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. ४० × ३० × २० चा खोका ४.८ किलोचा धरला जातो, आतली उशी एक किलोची का असेना. तेव्हा वजनाबरोबर मापंही भरा.

राहिलं एकक. वूकॉमर्समध्ये, म्हणजे ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेटिंगला ग्रॅमचं किलो केलं तरी आधी भरलेले आकडे बदलत नाहीत. ग्रॅम समजून टाकलेले २५० सरळ २५० किलो होतात. तिथल्या मूळच्या फ्लॅट रेटला, म्हणजे ठरावीक शिपिंग दराला, तर वजनाशी देणंघेणंच नाही, वजनानुसार दर हवे असतील तर वेगळं एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) लागतं. ते बसवल्यावर व्हेरिएशनचे, म्हणजे एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या आकार-प्रकारांचे, वजनाचे रकाने तपासा. रिकाम्या रकान्याला मूळ वस्तूचं वजन लागू होतं, म्हणजे मूळ वजन पाव लिटरच्या बाटलीचं असेल तर एक लिटरची बाटलीही त्याच भाड्यात जाते.