बारा व्होल्टच्या बारा भानगडी

जुना ट्रेलर घेऊन त्याचा कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, करायचा म्हटलं, की फळ्या, गाद्या, सिंक यांत कुणी फारसं नाक खुपसत नाही. दिव्यांचं नाव काढा, अख्खी वाडी इलेक्ट्रिशियन होते. आमच्या मालवण-देवगड पट्ट्यात तर लगेच तीन पक्ष पडतात: वायरमन, गॅरेजवाला आणि मे महिन्यात आलेले चाकरमानी काका.

वायरमन म्हणतो, "इन्व्हर्टर बसवा भाऊ, घरचेच बल्ब लावा, विषय संपला." विषय संपत नाही, बॅटरी संपते. छताला ३ वॅटचे चार दिवे पाच तास, ओट्यावर दीड मीटर एलईडी पट्टी (मीटरला ९.६ वॅट) दोन तास, उशाशी दोन, बाथरूमला एक, दाराबाहेर एक, असं सगळं धरून रात्रीचे साधारण १२० वॅट-तास होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतून फार तर १० अँपिअर-तास. बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरगुती २३० करणारा छोटा इन्व्हर्टर मात्र नुसता चालू ठेवला तरी १०-२० वॅट स्वतःच गिळतो. १५ धरा, चोवीस तासांचे ३६० झाले. दिव्यांच्या तिप्पट! "झोपताना बंद करू की," असं सगळेच म्हणतात. करत कुणी नाही. तेव्हा दिवे थेट १२ व्होल्ट डीसीवर. होमस्टेच्या अंगणात २३० व्होल्टचा पॉइंट मिळाला तर त्यावर चार्जर लावायचा; मग गावाची लाइट दहा वेळा गेली तरी आतल्या दिव्यांना पत्ता लागत नाही.

काकांचा सल्ला काटकसरीचा: "घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्यूबलर बॅटरी पडून आहे, ती टाक." १५० अँपिअर-तासांची ट्यूबलर पन्नास किलोंच्या वर भरते, निम्म्याच्या खाली उतरवत गेलं की लवकर बसते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या डब्यात हा पाहुणा नको. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तिच्या पाव वजनाची असते. पण इथेही एक मेख आहे. चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत चढते. बाजारातल्या स्वस्त पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर एवढाच संसार असतो. १२ ऐवजी १४.४ मिळाले की करंट दीडपटीच्या आसपास जातो, पट्टी तापते, मागचा गोंद सुटतो आणि सकाळी ती ओट्यावर लोंबत असते. म्हणून खोक्यावर '१०-३० व्होल्ट' लिहिलेले दिवेच घ्यावेत. पट्टीच हवी असेल तर आधी १२ व्होल्टला स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर लावावा आणि पट्टी अॅल्युमिनियमच्या पट्ट्यात बसवावी.

गॅरेजवाल्याचा सल्ला सगळ्यांत घातक, कारण तो गाडीपुरता बरोबर असतो: "निगेटिव्ह बॉडीला मार, वायर वाचेल." म्हणजे परतीची वायर न टाकता लोखंडी सांगाड्यालाच, चॅसीला, बोल्टने जोडायचं. इथली खारी हवा चॅसीच्या त्या बोल्टला पावसाळाभर चाटत बसते. गंज धरला की आधी दिवे मंदावतात, मग पंखा लावला की लुकलुकतात, आणि दोष मात्र बल्बाला दिला जातो. प्रत्येक दिव्याला निगेटिव्हची वेगळी वायर हवी. तीही कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची. साधं तांबं क्रिंपच्या, म्हणजे दाबून बसवलेल्या जोडाच्या, आत हिरवं पडतं आणि वरून काही दिसत नाही. जोडांवर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवावी. नुसती इन्सुलेशन टेप श्रावणापर्यंत चिकट शेपटी होऊन लटकते.

वायरची जाडी सांगितली की वाडीचा संयम सुटतो. "मेल्या, चार दिव्यांसाठी इतको हिशोब कित्याक?" कारण असं, की सगळे दिवे मिळून होणाऱ्या ३७ वॅटला २३० व्होल्टवर ०.१६ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर तीन. घरगुती ०.७५ चौ. मिमीची वायर सहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन बारा मीटरमध्ये जवळपास एक व्होल्ट वाटेतच मुरतो. २.५ चौ. मिमी घातली तर ०.३. फरक पैशात फार नाही, पण फेरवायरिंगसाठी नवं पॅनेलिंग उचकटायचा खर्च विचारू नका.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. "दिवे छोटे आहेत, फ्यूज कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. घासून उघडी पडलेली पॉझिटिव्ह वायर निगेटिव्हला टेकली, तर लिथियम बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि भोवती सगळं प्लायवूड आणि फोम.

उरला रंग. दुकानदार ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा पुढे सरकवतो, "उजेड बघा कसा पडतो." आत २७००-३००० केल्विनचा, पिवळसर घ्या. दाराबाहेरचा तर पिवळाच, आणि त्याचा स्विच वेगळा. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात. पांढरा दिवा चालू ठेवून दार उघडलंत, तर जेवायला बोलावलेल्यांपेक्षा न बोलावलेलेच आमटीत जास्त.