झोळी नव्हे, वाटणीचा हिशेब

केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला की एक मेसेज न चुकता फिरू लागतो. गोषवारा असा: महाराष्ट्र दिल्लीला शंभर रुपये पाठवतो, परत मिळतात जेमतेम सात-आठ. उरलेले उत्तर प्रदेश-बिहार खातात, आणि आपले मुख्यमंत्री मात्र झोळी घेऊन दिल्लीच्या वाऱ्या करतात. कर इथेच ठेवा, मागायची वेळच येणार नाही!

संताप समजण्यासारखा आहे, काही अंशी रास्तही. पण बोट भलतीकडेच ठेवलंय, आणि त्यामुळे जिथे भांडायला हवं तिथे कुणी भांडत नाही.

आधी ते ‘शंभर रुपये पाठवतो’. मंत्रालयातून दिल्लीला कुठलाही धनादेश जात नाही. प्राप्तिकर आणि कंपन्यांवरचा कर राज्यघटनेनेच केंद्राला दिलेला आहे; तो ‘इथेच ठेवण्याचा’ अधिकार कुठल्याच राज्याला नाही. 2023-24 मध्ये महाराष्ट्राच्या नावावर सुमारे 7.6 लाख कोटी रुपयांचा प्रत्यक्ष कर जमा झाला, म्हणजे देशाच्या वसुलीच्या तृतीयांशाहून जास्त. आकडा खरा आहे. पण तो कर कुठे भरला गेला ते सांगतो, पैसा कुठे कमावला ते नाही. स्टेट बँक, एलआयसी, भारत पेट्रोलियम यांची मुख्यालयं मुंबईत आहेत. पाटण्याच्या शाखेतल्या कर्जाचं व्याज असो की गोरखपूरच्या पंपावर विकलेलं डिझेल, त्या नफ्यावरचा कर मुंबईच्याच रकान्यात पडतो. मुंबईचं श्रेय यात मोठं आहेच. पण अख्खी रक्कम आपल्या घामाची म्हणणं जरा जास्त झालं.

‘परत सात-आठ रुपये’ हे गणित तसं फार चुकलेलं नाही. त्याच वर्षी केंद्रीय करांतला आपला वाटा सुमारे 71 हजार कोटी होता, म्हणजे प्रत्यक्ष कराच्या शंभरातले नऊ. चूक आहे ती काय मोजलं आणि काय सोडलं यात. राज्याचा जीएसटी दिल्लीच्या वाटणीत जातच नाही, तो थेट आपल्या तिजोरीत येतो. जुलै 2017 ते जून 2022 या पाच वर्षांत जीएसटीची नुकसानभरपाई मिळाली, त्यात महाराष्ट्राचा आकडाही मोठा होता. मुंबईची मेट्रो 3 ज्या कंपनीने बांधली तिच्यात केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार आहेत. लोकल रेल्वे सुधारण्याच्या प्रकल्पाचा, म्हणजे एमयूटीपीचा, खर्च रेल्वे आणि राज्य वाटून घेतात. शिवाय भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्ज. हे सगळं पुरेसं आहे का, यावर खुशाल वाद घालावा. पण मेसेजात त्याचा पत्ताच नाही.

आता उत्तर प्रदेश-बिहार. केंद्रीय करांची राज्यांत वाटणी कशी करायची ते वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या आयोगाने राज्यांच्या वाट्यातले 17.939 टक्के उत्तर प्रदेशाला, 10.058 बिहारला आणि 6.317 महाराष्ट्राला दिले. चौदाव्या आयोगाच्या वेळी आपला आकडा 5.521 होता, म्हणजे तो वाढला. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात सर्वात जास्त वजन, 45 टक्के, दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला होतं: राज्य जितकं गरीब तितका वाटा जास्त. हे अन्यायाचं वाटत असेल तर हाच न्याय राज्याच्या आत लावून बघा. मग मुंबईनेही म्हणावं, आमचा पैसा गडचिरोलीला कशाला? मराठवाडा-विदर्भाच्या अनुशेषासाठी, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट भरून मिळावी म्हणून, आपण चाळीस वर्षं कंठशोष केला. दांडेकर समितीने 1984 मध्ये तो सुमारे 3,186 कोटींचा काढला होता, आणि तो भरून काढण्यामागचं तत्त्व हेच होतं. घरात हक्क आणि बाहेर लूट, असं कसं चालेल?

‘दिल्लीत आपलं सरकार असलं की पैसा येतो’ हे या मेसेजचं दुसरं रूप. त्याला थोडक्यात उत्तर: आधी महाविकास आघाडी होती, मग महायुती आली, 6.317 तेच राहिले. मंजुऱ्या आणि विशेष पॅकेज यात राजकीय वजन चालतं, सूत्रात नाही.

मग तक्रार करायला जागाच नाही? आहे, आणि ती मोठी आहे. केंद्र उपकर आणि अधिभार, म्हणजे मूळ करावर लावलेले जादा कर, राज्यांशी वाटून घेत नाही. कागदावर राज्यांचा वाटा 41 टक्के. 2023-24 च्या एकूण करवसुलीशी ताडून पाहिला तर तो तेहतिसाच्या आसपास भरतो. पेट्रोलचंच बघा. मे 2022 च्या कपातीनंतर केंद्राचा कर लिटरमागे 19 रुपये 90 पैसे उरला, आणि त्यातला वाटणीत येणारा भाग फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकी सगळा उपकर आणि विशेष शुल्क. हा पैसा बिहारने खाल्लेला नाही. बिहारलाही तो मिळत नाही. या भांडणात पाटणा आपल्याच बाजूला उभं आहे. मे 2025 मध्ये सोळावा वित्त आयोग मुंबईत आला तेव्हा राज्याने 41 चे 50 टक्के करा अशी मागणी केली. आयोगाने 41 च कायम ठेवले. शंभर रुपयांचा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांना ही मागणी ठाऊक होती?

राहिली ‘झोळी’. राज्याने मागणं ही भीक नाही. केंद्राने अनुदान द्यावं अशी तरतूद घटनेतच आहे, आणि मागणी घेऊन जाणं हे मुख्यमंत्र्यांचं कामच आहे. पण मिळालेल्याचं काय केलं, हेही विचारावं लागतं. भंडाऱ्याच्या गोसीखुर्द धरणाला 2008 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, त्यापाठोपाठ 90 टक्के केंद्रीय मदतीची सोय झाली. 1983 मध्ये 372 कोटींचा असलेला हा प्रकल्प पुढे 18,494 कोटींवर गेला. भूसंपादन, पुनर्वसन, चौकश्या यात वर्षं गेली. तिथे अडलं होतं ते दिल्लीत नाही.

आणि दिल्लीच्या नावाने बोटं मोडणारं हेच मंत्रालय आपल्या खालच्यांशी कसं वागतं? मुंबईची जकात 2017 मध्ये गेली, आणि तेव्हापासून महापालिका नुकसानभरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे पाहते. जिल्हा नियोजनाच्या पैशावर पालकमंत्र्यांचा हात असतो. मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई, पुणे, नागपूर या महापालिका जानेवारी 2026 च्या निवडणुकांपर्यंत प्रशासकांच्या हाती राहिल्या. बहुतेक जिल्हा परिषदांवरही प्रशासक आले. वित्त आयोगाच्या अनुदानाला निवडून आलेली संस्था लागते. तेव्हा त्या काळात आपल्या जिल्हा परिषदेचा किती निधी अडला, हे जिथे निवडणूक झाली तिथल्या सदस्याला आता विचारता येईल. त्याचं उत्तर कुठल्याही मेसेजात येणार नाही.