शेकाचं तेवढं नीट लिहा

लहान मुलींच्या ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरवरच्या तुमच्या लेखात ऑपरेशन, किमो अन् रेडिएशन (म्हणजे शेक) एकाच ओळीत टाकलंय, वाचणाऱ्याला वाटतं लेकराला तिन्ही घ्यावंच लागतं, तसं नाही हो. लहान मुलींच्या ओव्हरीत बहुतेक वेळा जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींपासून होणारी गाठ) असतो, मोठ्या बायकांचा कॅन्सर वेगळा, आणि हा किमोला चांगली दाद देतो म्हणून शक्यतो गाठीची ओव्हरी तेवढी काढतात, दुसरी अन् गर्भपिशवी ठेवतात, गरज पडली तर सिसप्लॅटिन हे औषध असलेली किमो. त्यातला डिसजर्मिनोमा नावाचा प्रकार शेकानं लवकर विरघळतो, पूर्वी द्यायचेही, पण ओटीपोटाला शेक दिला की राहिलेली चांगली ओव्हरीसुद्धा निकामी होऊ शकते, मग पाळी, पुढं लेकरंबाळं, सगळ्याचाच प्रश्न. आता किमोनं हटलाच नाही किंवा उलटून आला तरच, तेही क्वचित.

आमच्या भावकीतली पोरगी, लातूरकडची, पोट फुगलं तर घरचे जंताचं औषध देत बसले, सोनोग्राफीत गाठ निघाली. संभाजीनगरला किमो चालू होती, सलाईनवर सलाईन, त्या औषधानं ऐकू कमी येऊ शकतं म्हणून मधी कानाची तपासणी, अन् आजी आपली रोज विचारायली, "शेक कधी देणार, शेजारच्या काकूला तर दिला होता." काकूला गर्भपिशवीच्या तोंडाचा होता! लै समजावलं तरी म्हातारीला वाटायलं डॉक्टर काहीतरी टाळायलेत.

ती ओळ दुरुस्त करा, अन् एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच ह्या गाठीची खूण सांगणाऱ्या रक्ततपासण्या ऑपरेशनच्या आधीच करायच्या हेबी टाका, गाठ निघाल्यावर आकडे उतरायला लागतात, मग मूळचा किती होता तेच कळत नाही.