हजारोंचा सर्व्हे म्हणजे खरं, वीस मुलाखती म्हणजे किस्से?

“चाळीतल्या वीस बायकांशी गप्पा मारायच्या आणि त्याला समाजशास्त्रीय संशोधन म्हणायचं! हजारोंचा सर्व्हे दाखवा, बाकी सगळे किस्से,” अशा आशयाचे मेसेज फिरत असतात. ते मला पटत नाहीत.

आधी ‘हजारों’चं बघू. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लोकांचा कौल घ्यायला ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून आल्या आणि त्यावरून रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असं छापलं गेलं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्टनी घेतली. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांमधले होते, आणि उत्तर पाठवणारे त्यातलेही निवडक. सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरवलेल्या फॉर्मचंही तेच. तो कितीही जणांनी भरला, तरी त्याच घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही.

आता आकड्याच्या पोटातला प्रश्न. धारावीत घरी बसून नगावर शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारा, “काम करता का?” मांडीवर शर्टांचा गठ्ठा, दातांत दोरा, दारात सासू. उत्तर येतं, “नाही हो, घरीच असते.” खूण ‘घरकाम’वर पडते. पाच हजार घरांत हाच प्रश्न नेला, तर हीच चूक घरोघर होणार. नमुना वाढवून ती जात नाही. “सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?” असं विचारलं की काजं-बटणं बाहेर येतात. २०१९च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणाने नेमकं हेच केलं, चोवीस तासांचा अर्ध्या-अर्ध्या तासाने हिशेब मागितला. तोही सर्व्हेच, आणि मला फार मोलाचा वाटतो.

मुलाखतींची मर्यादा खरीच आहे. वीस जणींवरून मुंबईत अशा किती बायका आहेत हे कळत नाही. तसं कुणी सांगू लागलं तर त्याला तिथेच अडवावं. समोर कोण बसलंय त्यावर उत्तरही बदलतं. पण १९८२च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते हे कळल्यावर, त्या घरांत चूल कशी पेटली, खानावळवाल्या मावशींनी उधारी कुठवर चालवली, हे कुणाला विचारणार? त्यांनाच. आणि इतक्या वर्षांनी सांगितलेलं युनियनच्या पत्रकांशी, त्या वेळच्या वर्तमानपत्रांशी ताडूनही बघावं लागणार. त्या कष्टाला ‘गप्पा’ म्हणणं अन्यायाचं आहे.