डॉन फॉक्सने कप घालवला नाही

रग्बी लीगची एक जुनी क्लिप अधूनमधून फिरत फिरत आपल्यापर्यंत येते. पाण्याने भरलेलं वेम्बली, गोलपोस्टच्या अगदी समोर ठेवलेला चेंडू. एक खेळाडू धावत येतो, किक बाजूने निघून जाते आणि तो तिथेच मैदानात कोसळतो. सोबतचा मजकूर ठरलेला असतो: ‘जगातली सगळ्यात सोपी किक चुकवून या एकट्या माणसाने संघाचा कप घालवला. मग कीव येऊन त्याला सामनावीराचं बक्षीस दिलं.’

दोन वाक्यांत तीन दावे आहेत, आणि एकही टिकत नाही.

तो खेळाडू म्हणजे वेकफिल्ड ट्रिनिटीचा डॉन फॉक्स. सामना होता ११ मे १९६८ चा, चॅलेंज कपची फायनल. हरलात की घरी, अशी ही बाद फेरीची स्पर्धा. शेवटी उरलेले दोन्ही संघ यॉर्कशरचे, लीड्स आणि वेकफिल्ड ट्रिनिटी. ८७,१०० प्रेक्षक. रग्बी लीगमध्ये एका संघात १३ जण खेळतात. तेव्हा गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, म्हणजे ट्राय झाला, की ३ गुण मिळत आणि पोस्टांमधून किक गेली, म्हणजे गोल झाला, की २. प्रत्येक ट्रायनंतर अशी एक किक मारायला मिळते. निकाल लागला लीड्स ११, वेकफिल्ड १०.

आधी तो ‘सोपी’ शब्द. जागा सोपी होती, हे मान्य. कोरड्या मैदानावर फॉक्सने ती किक शंभरातून शंभर वेळा मारली असती. पण त्या दिवशी सामन्याआधी धो-धो पाऊस कोसळला होता आणि खेळ चालू असताना पुन्हा जोराची सर आली. या सामन्याला इंग्लंडमध्ये आजही ‘वॉटरस्प्लॅश फायनल’ म्हणतात. खेळाडू पडला की थांबत नव्हता, पाणी उडवत कित्येक हात घसरत जात होता. हल्ली चेंडू ठेवायला प्लॅस्टिकचा स्टँड असतो. तेव्हा किकर बुटाच्या टाचेने गवतात खळगा करायचा आणि त्यात चेंडू उभा करायचा. आता चिखलात तो खळगा करून बघा. चेंडू चामड्याचा, पाणी पिऊन जड झालेला. धावत येऊन ज्या पायावर सगळा भार टाकायचा, तोच पाय जमिनीवर धरत नाही. किक मारणारा पाय नंतर येतो, चूक आधीच्या पावलात होऊन गेलेली असते.

यावर जाणकार माणूस लगेच विचारेल, मग लीड्सच्या बेव्ह रिस्मनने त्याच पाण्यात चार गोल कसे मारले? प्रश्न रास्त आहे. रिस्मन अप्रतिम खेळला. पण त्याच पाण्यात फॉक्सनेही दोन गोल मारले होते, ते क्लिपमध्ये नसतात. त्यात आणखी एक गोष्ट. वेकफिल्डचा मुख्य किकर डॉन नव्हताच. तो मान त्याचा धाकटा भाऊ नीलचा. रग्बी लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुण नीलच्या नावावर आहेत, ६,२२०. दुखापतीमुळे नील त्या फायनलला मुकला आणि किक मारायची जबाबदारी थोरल्यावर आली.

आता ‘एकट्याने घालवला’. गुणांचा हिशेब मांडा. मध्यंतराला वेकफिल्ड ७-४ ने पुढे होता, आणि त्या ७ पैकी ४ गुण फॉक्सच्या बुटातून आले होते. मग उत्तरार्धात लीड्सच्या जॉन ॲटकिन्सनला नियम मोडून अडवलं म्हणून रेफरींनी पेनल्टी ट्राय दिला, म्हणजे चेंडू टेकवलेला नसतानाही ट्राय धरला. या निर्णयावरचा वाद कधीच मिटला नाही. पेनल्टी ट्रायची पुढची किक पोस्टांच्या समोरूनच मिळते. रिस्मनने ती मारली आणि लीड्स ९-७ ने पुढे गेला. सामना संपत आला असताना रिस्मनने पेनल्टीची आणखी एक किक मारली, ११-७. वेकफिल्ड तिथेच हरल्यात जमा होता. मग खेळ पुन्हा सुरू झाला, पाण्यात थांबलेला चेंडू लीड्सवाल्यांना आवरता आला नाही. केन हर्स्टने तो पायाने पुढे ढकलत नेला आणि पोस्टांजवळ टेकवला. ११-१०. या ट्रायनंतरची किक म्हणजेच क्लिपमधली किक; ती गेली असती तर वेकफिल्ड १२-११ ने जिंकला असता. म्हणजे ती किक मारायची वेळ आली हाच चमत्कार होता. ऐंशी मिनिटांत सुटलेले टॅकल, दिलेल्या पेनल्ट्या, हातातून निसटलेले चेंडू या सगळ्यांचा भार शेवटच्या किकवर टाकायचा, कारण तीच कॅमेऱ्यात नेमकी मधोमध दिसते?

आपल्याकडे चेतन शर्माचं हेच झालं. १९८६ मध्ये शारजात मियाँदादने शेवटच्या चेंडूवर मारलेला षटकार त्याच्या नावाला कायमचा चिकटला. पुढच्याच वर्षी नागपूरला त्याने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, ती आठवण करून द्यावी लागते.

तिसरा दावा तर सरळ खोटा आहे. लान्स टॉड ट्रॉफी, म्हणजे फायनलच्या सामनावीराचा मान, सामना पाहणाऱ्या पत्रकारांच्या मतांवर ठरतो. त्या दिवशी मतं ती किक मारायच्या आधीच पडली होती आणि कौल फॉक्सला होता. त्या पाण्यात वेकफिल्डची आघाडीची फळी ज्याच्याभोवती खेळत होती, तो हा माणूस. कीव करायला तोवर कारणच घडलेलं नव्हतं. ‘बिचारा पोरगा’ हे समालोचक एडी वेअरिंग यांचे गाजलेले उद्गार निघाले ते नंतर, चेंडू बाजूने गेल्यावर. लोकांनी दोन्हींचा क्रम उलटा लावून घेतला.

नुकसान लहान होतं असं मी म्हणत नाही. वेकफिल्डने त्या मोसमात लीगचं विजेतेपद मिळवलं होतं आणि कप मिळाला असता तर दुहेरी मुकुट होता. त्यांनी चॅलेंज कप शेवटचा जिंकला तो १९६३ साली. किक चुकली, हे फॉक्सने स्वतः आयुष्यभर ऐकलं, २००८ मध्ये जाईपर्यंत. म्हणून ती क्लिप पुढे पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: खाली एक ओळ जोडा. ही किक मारायला हा माणूस पुढे आला, तेव्हा तो त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता.