कोबा, ओल आणि भावी नगरसेवक

साताऱ्यात आमच्या घराखाली एका गाडीपुरती जागा आहे. दहा फूट बाय अठरा. तिथला कोबा गेली सहा वर्षं धूळ सोडतोय. सकाळी झाडा, संध्याकाळी तेवढीच पुन्हा हजर. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, "सिमेंट भारीतलं वापरलंय, सायेब." असेलही. पण हात फिरवायला सोपं जावं म्हणून त्याने माल इतका पातळ केला होता, की तो पळीने वाढता आला असता. जास्तीचं पाणी वर येताना बारीक सिमेंट सोबत आणतं आणि तो कच्चा थर पुढे जन्मभर पावडर होऊन उडतो. हे ज्ञान मला कोबा झाल्यावर सहा वर्षांनी झालं.

मग वर काहीतरी टाकायचं ठरलं.

आई म्हणाली, शहाबादी घाल. तिच्या माहेरच्या अंगणातली शहाबादी म्हणे चाळीस वर्षांत जागची हलली नाही. त्या अंगणात सर्वांत अवजड वाहन म्हणजे मामाची सायकल, हे ती सांगत नाही. मेव्हण्याचं मत पेव्हर ब्लॉकला. "भावजी, साठ एमएमचे नको, ऐंशीचे घ्या, गाडी उभी राहणार." त्याच्याकडे ते आहेत. दर फटीत हराळी उगवली आहे आणि मुंग्या खालची कच रात्रभर इमानाने वर आणून ठेवतात. म्हणजे धूळ विकत घ्यायची, तीही ब्रासच्या भावाने.

पार्किंग टाइल्सचा विचार शेजाऱ्यांमुळे मागे पडला. त्यांच्या डाव्या चाकाखालची एक टाइल पोकळ बसली आहे. ते पहाटे पाचला ड्यूटीवर निघतात. 'खट्' वाजलं की आमच्याकडे चहाचं आधण चढतं.

राहिलं इपॉक्सी, म्हणजे कोब्यावर चढवायचा रसायनाचा चकचकीत थर. पुण्याच्या पुतण्याने मोबाइलवर फोटो दाखवला. आरशासारखी जमीन, त्यात गाडीचं पोट दिसतंय. "काका, फक्त आधी ओल तपासायची. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा." मी ठेवला. सकाळी आई काठी टेकत खाली आली आणि म्हणाली, "सांडगे घातलेस? मग वाळवण असं झाकून ठेवतात होय रे?"

प्लास्टिकच्या आतून घाम फुटला होता. जमिनीतून ओल येत होती. अशा कोब्यावर इपॉक्सी लावलं तर पापुद्रे सुटतात, आणि घाटातून तापून आलेली चाकं ते सोबत घेऊन जातात. शिवाय आईने वेगळाच मुद्दा काढला : एवढ्या गुळगुळीत जमिनीवर रांगोळी ठरणार कशी? या प्रश्नाला पुतण्याच्या मोबाइलमध्ये उत्तर नव्हतं.

बायको इतके दिवस गप्प होती. "गाडी उभी असली की फरशी दिसत नाही. गाडी नसली की तुम्ही घरी नसता," ती म्हणाली. "मग हे चाललंय कुणासाठी?"

शेवटी मांडववाल्याकडून जुना फ्लेक्स आणला. दहा बाय पंधरा, दोनशे रुपये. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, भावी नगरसेवक, हात जोडून. धूळ खाली दबली. गाडी पुढे घेतली की उजवं चाक बरोबर त्या जोडलेल्या हातांवर येतं. इंजिनमधून ठिबकणाऱ्या ऑइलने कपाळावर छान गोल टिळाही लागला. फ्लेक्स उलटा घालायला हवा होता हे खरं, पण पाठीची बाजू पांढरी आणि माझी गाडी गळकी.

परवा सकाळी मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात फाटकात पाच-सहा माणसं. मधोमध तेच, तसेच हात जोडलेले. प्रचाराला निघाले होते. मला गाडीत बसलेला पाहून दोन पावलं मागे सरले.

"काढा काढा, काका. आधी गाडी काढा, आम्ही थांबतो."

"नाही हो," मी म्हणालो, "मी नुसताच बसलोय."