खुलासा : कलम ६६-अ चा तो मेसेज पुढे पाठवू नका

सांगलीतल्या कॉलेज ग्रुपवर मेसेज फिरतोय : “नवी सोशल मीडिया नियमावली लागू. कॉलेजवर टीका केल्यास कलम ६६-अ खाली तीन वर्षं कैद, ग्रुप अ‍ॅडमिनलाही अटक.” हे चुकीचं आहे. ६६-अ हे ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम होतं.

पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं.

आमच्या कॉलेजची नियमावली अजून मसुदाच आहे. समितीत मी आहे, मसुदा समोर आहे. त्यात कैद कुठेच नाही. कॉलेजला तो अधिकारच नाही. “कोणाचाही फोटो त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय टाकू नये” असं एक वाक्य आहे, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. धमकी, अश्लील मजकूर, चोरून काढलेले खासगी फोटो यांसाठी वेगळी कलमं आजही लागू आहेत.

पहिल्या वर्षाची मुलं घाबरून हॉस्टेलच्या पाण्याच्या तक्रारी डिलीट करताहेत. मुलांनो, तक्रारी राहू द्या. तो मेसेज जिथे टाकलात, तिथे कृपया हा खुलासाही टाका.